मनोहरच्या नावाचे ताट

उकडलेल्या कैरीचा आंबट वास घरभर पसरलेला, नव्या मडक्यातल्या पाण्याला मातीचा गंध लागलेला आणि वैशाखाचे ऊन लिंबाच्या पानांतून गाळले जाऊन ओसरीवर उतरलेले, अशी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सकाळ मला लहानपणापासून प्रिय आहे. पितरांचा सण असला तरी त्यात शोक नसतो. गेलेली माणसे जणू दुपारी जेवायलाच येणार आहेत अशा लगबगीने घरातल्या बायका कुरडया तळतात, रस काढतात, वडे थापतात. मग घरातला कर्ता पुरुष पाटावर बसून ताटांभोवती पाणी फिरवतो आणि एकेकाचे नाव मनात घेतो.

यंदा ताटे मांडली होती पूजाने, माझ्या नातसुनेने. ती देऊळगाव राजाकडची. आमचे वऱ्हाडी 'मले-तुले' तिच्या जिभेवर अजून बसलेले नाही. माझी पत्नी कमल जाऊन वर्ष उलटून गेले होते आणि तिच्या नावाचे पान यंदा पहिल्यांदाच पितरांच्या ओळीत बसत होते. वडिलांचे, आईचे, कमलचे. मी ओंजळीत पाणी घेतले आणि थांबलो. ओळीत चौथे ताट होते. उन्हाची एक तिरीप त्याच्या काठावर नेमकी पडली होती आणि तिथली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे चष्म्याशिवायही वाचता येत होती. मनोहर.

मनोहर माझा धाकटा भाऊ. तो शेगावात राहतो. तो जिवंत आहे.

"आबाजी, काही चुकलं का?" पूजाने दारातून विचारले. "आजींच्या ट्रंकेत फडक्यात बांधून ठेवलेलं होतं ते. नाव बघितलं, अन् मला वाटलं, घरातलं कोणी गेलेलं माणूस असंल. घरात तर कोणी त्यांचं नावच काढत नाही."

तिची चूक नव्हती. आमच्याकडे भांडी एवढ्या मायेने जपून ठेवतात ती गेलेल्यांचीच. ज्या घरात एखाद्याचे नाव भांड्यावर असते आणि ओठांवर कधीच येत नाही, त्या घरात नव्याने आलेल्या मुलीने दुसरे काय समजायचे? मी पाणी तसेच ओंजळीतून गळू दिले. ते ओसरीच्या फरशीवरून वाहत त्या ताटापर्यंत गेले आणि त्याला वळसा घालून उंबऱ्याकडे निघून गेले.

भांड्यांवर नाव घालण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. लग्नात जो भांडे देतो तो त्यावर आपले नाव घालून देतो. त्यामुळे आमच्या फडताळात माझ्या सासऱ्यांचा तांब्या आहे, कुणा मामेभावाची परात आहे, ज्यांचे चेहरेही आता आठवत नाहीत अशा शेजाऱ्यांच्या वाट्या आहेत. आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावांतून जेवतो आणि कुणाचे ताट कुणापुढे आले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आमच्या घरात एकच ताट असे होते, ज्यावर देणाऱ्याचे नव्हे, जेवणाऱ्याचे नाव होते. ते मी घालून घेतले होते. का, ते मला आता लिहायचे आहे.

मनोहर तरुणपणी बोअरच्या गाडीवर कामाला लागला. आमचा हा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला; जमिनीत पाणी लागले तरी तोंडात धरवत नाही. "आपल्या गावाले गोडं पानी नाई दादा, मी दुसऱ्याच्या गावाले लावून देतो," असे हसत म्हणून तो जो निघाला, तो महिनोन् महिने परराज्यांत फिरत राहिला. वर्षे गेली. एका हिवाळ्यात तो परतला तेव्हा सदरा खुंटीला अडकवावा तसा त्याच्या खांद्यांना लटकत होता. खोकला जात नव्हता, ताप उतरत नव्हता. मी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. तिथे त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. त्याची बायको शकुंतला, तिचेही रक्त तपासले. तिला लागण नव्हती. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी आम्हां तिघांना समोर बसवून सगळे शांतपणे सांगितले. शरीरात विषाणू असणे आणि एड्स होणे यांत अंतर आहे. औषध वेळेवर सुरू झाले आणि आयुष्यभर न चुकता घेतले तर माणूस आपले पूर्ण आयुष्य जगू शकतो. औषध इथे फुकट मिळते. नवरा-बायकोने निरोध वापरावा. घरात एकत्र खायला-प्यायला काही हरकत नाही.

मी मान डोलावत होतो. पाठ असलेला धडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना शिक्षक डोलावतो तशी.

कारण तो धडा खरोखरच मला पाठ होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. अक्षर वळणदार, म्हणून गावातल्या भिंतींवरचे सुविचार, साक्षरतेच्या घोषणा, पोलिओचे डोस, सगळे माझ्याच हातचे. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर मी शिडीवर चढून निळ्या रंगात लिहिले होते, की एड्स पसरतो तो असुरक्षित संबंधांतून, न तपासलेल्या रक्तातून, एकमेकांच्या वापरलेल्या सुयांतून आणि उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला. स्पर्शाने नाही, डास चावल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही. 'एका ताटात' हे शब्द मी जरा मोठे काढले होते, कारण आमच्या गावात शंका नेमकी तिथेच होती. दर डिसेंबरात मुलांची प्रभातफेरी निघे, मी पुढे चाले आणि धुक्यातून मुलांचे कोवळे आवाज याच घोषणा देत जात.

दवाखान्यातून परतताना आम्ही शेगावात उतरलो. गजानन महाराजांचे दर्शन घेतले. शकुंतला प्रसाद घ्यायला थांबली आणि मी मनोहरला घेऊन भांड्यांच्या दुकानात शिरलो. एक ताट, एक वाटी, एक पेला. दुकानदार नाव कोरायचे यंत्र हातात घेऊन म्हणाला, "कोनाचं नाव टाकू, गुरुजी?" मी म्हणालो, "मनोहर टाका. नुसतं मनोहर." यंत्र भुंग्यासारखे गुणगुणू लागले. मनोहर ते बघत उभा होता. त्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांत पाणी आले होते.

"दादा," तो म्हणाला, "लग्नात बी माह्या सोताच्या नावाचं भांडं कोनं देल्लं नाई बे मले." मोठ्या भावाला 'बे' म्हणून गेल्याचे ध्यानात येऊन तो ओशाळून हसला. "एवढा खर्च काऊन केला?"

त्याने त्या ताटात माया वाचली आणि मी त्याला वाचू दिली. गावात आल्यावर तो ज्याला त्याला सांगत सुटला, की मी आजारातून उठावं म्हणून दादानं माझ्या नावाचं ताट आणलं. पारावरची माणसे मला म्हणत, "गुरुजी, भाऊ असावा त तुमच्यासारका." तेही मी ऐकून घेतले. खोट्या कौतुकाला काही चव असते असे मला वाटले नव्हते; पण असते, आणि तिची सवयही लागते.

घरात आल्यावर कमलला मी एवढेच सांगितले, की हे ताट, ही वाटी, हा पेला वेगळा घासायचा आणि इतर भांड्यांत मिसळायचा नाही. "शाळेच्या भितीवर त तुम्ही दुसरंच लिवलं हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, "सांगितलं तेवढं कर." तिने केले. पण त्या ताटाला राख लावताना ती माझ्याकडे पाठ करून बसे.

मला भीती वाटत होती असे म्हणून सुटता येईल. पण भीती अज्ञानी माणसाला शोभते. मला माहीत होते, आणि माहीत असूनही माझ्या आत कुठेतरी एक जुना, आंधळा माणूस बसलेला होता. त्याला रोग कसा होतो हे समजून घ्यायचे नव्हतेच. मनोहरला तो 'कुठून' झाला हे त्याला विचारायचे होते. मी विचारलेही. एका दुपारी, गोठ्यात. मनोहर खाली मान घालून म्हणाला, "चुकलो, दादा." त्या एका शब्दाने माझे समाधान व्हायला हवे होते का? झाले. आजही त्या समाधानाची मला सर्वांत अधिक लाज वाटते. रोग्याला मी गुन्हेगार करून घेतले, म्हणजे त्याच्यासाठी वेगळे ताट ही शिक्षा ठरते आणि शिक्षा देणारा भित्रा ठरत नाही.

औषधांनी मनोहर सुधारत गेला. गाल भरले, आवाज परत आला. पावसाळा संपून ज्वारी पोटरीवर आली होती, त्या दिवसांतली एक दुपार. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. माझी नात तेव्हा जेमतेम चार वर्षांची. काकाआजोबांवर तिचा फार जीव. ती सरकत-सरकत त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडाशी नेऊ लागली. मी उठलो कधी हे मला कळले नाही. मी तिच्या हातावर फटका मारला. तुकडा उडून भिंतीशी पडला. पोर कळवळून रडू लागली, कमलने तिला उचलले.

मनोहरने आधी त्या तुकड्याकडे पाहिले. मग ताटाकडे. काठावरच्या अक्षरांवरून त्याने बोट फिरवले, जणू आपलेच नाव तो पहिल्यांदा वाचत होता. इतके महिने जे ताट त्याने ऊर भरून मिरवले होते त्याचा अर्थ त्याला समजला, हे मी त्याच्या बोटाकडे बघून ओळखले.

"दादा," तो अगदी हळू बोलला, "मंग त्या भितीवर लिवलं ते कोनासाठी लिवलं होतं?"

तो ओरडला असता तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तो आणि शकुंतला शेगावला निघून गेले. शकुंतलाने जाताना ताट, वाटी, पेला घासून ओट्यावर उपडे ठेवले होते. ते फेकून दे असे मी कमलला म्हणालो. "जित्या मानसाचं नाव हाय त्याच्यावर," ती म्हणाली आणि तिने ते फडक्यात बांधले.

आता खरी नोंद. गावाने विचारले, मनोहर गेला काऊन? पारावरच्या बाबारावने आपणहून अंदाज बांधला, "शेताचा हिस्सा मांगत असन. बायकोनं कान भरले असतीन." मी नाही म्हणालो नाही. मी एक सुस्कारा टाकला. तो सुस्कारा हेच माझे खोटे. शब्दाने मी काहीच बोललो नाही, म्हणून इतकी वर्षे मी स्वतःला खोटारडा समजत नव्हतो. पण त्या सुस्काऱ्यावर गावाने एक आख्खी कथा उभी केली, की गुरुजींनी मरणाच्या दारातून ओढून आणलेला भाऊ बरा होताच हिश्श्यासाठी उलटला, आणि त्याची बायको कजाग निघाली. मनोहरने ते ऐकले असणार. त्याला खोडून काढता येत नव्हते, कारण खरे सांगायचे तर आधी आपला आजार सांगावा लागला असता. माझे खोटे त्याच्या गुपिताच्या आडोशाला सुरक्षित राहिले. कमलच्या मातीला तो आला, स्मशानातून परस्पर निघून गेला. लोक म्हणाले, अजून राग गेला नाही. मी तेव्हाही गप्प होतो.

आखाजीच्या त्या दुपारी मी जेवलो नाही. ताट फडक्यात बांधले आणि वरवट बकालवरून शेगावची गाडी धरली. खिडकीतून येणारी झळ तोंडावर घेत, नांगरून उघडी पडलेली काळी शेते बघत, मी मनात वाक्ये जुळवत होतो. आयुष्यभर मी वाक्येच जुळवत आलो. भाऊ राहतो ती खोली येईपर्यंत त्यांतले एकही शिल्लक उरले नाही.

मनोहर लॉजच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, शकुंतला एका खानावळीच्या पोळ्या करते. दार उघडेच होते. पाठमोरा बसून तो एका पंपाची तार गुंडाळत होता. केस पांढरे, पण पाठ ताठ. माझ्यापेक्षा तोच निरोगी दिसत होता.

मी ताट त्याच्यापुढे ठेवले आणि झालेले सांगितले. पितरांच्या ओळीत त्याचे पान मांडले गेले, हे ऐकून तो आधी अवाक् झाला, मग एवढ्या मोठ्याने हसला की शकुंतला पीठभरल्या हातांनी बाहेर आली.

"ऐकलं का वं! मले जिवंतपनी जेवू घालून राह्यले हे लोकं. रस होता का, दादा?"

"हसता काय," शकुंतला म्हणाली. ती हसली नव्हती. "भाऊजी, तुमी काऊन आले ते सांगा."

मी सांगितले. दुकानातले ताट, पारावरचा सुस्कारा, सगळे. गावात जाऊन खरे सांगायची माझी इच्छा आहे, पण मनोहरचा आजार सांगितल्याशिवाय ते सांगता येत नाही, आणि तो सांगायचा अधिकार माझा नाही, हेही सांगितले. मनोहर बराच वेळ तार बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"आजाराचं मले आता काई नाई वाटत," तो शेवटी म्हणाला. "रोज गोळी घेतो. रक्त तपासतात, त्याच्यात सापडतच नाई म्हंतात. याचा अर्थ गेला असं नाई, झोपेल हाय. गोळी सोडली का उठते. पन गोळी चालू हाय तवरोक माह्यापासून हिले बी नाई होत, असं दवाखान्यात सांगतात. हे सांग तू गावात. एखांदा लपून बसला असन त दवाखान्यात जाईन." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पन ते ताटाचं बी सांगजो. नाई त अर्ध सांगशीन."

शकुंतलाने ताट उचलले, उलटसुलट करून पाहिले. मला वाटले ती ते भिरकावेल. "बरं झालं आनलं," ती म्हणाली, "कनीक झाकाले मले ताट पाह्यजेच होतं." आणि आत जाता जाता दारातच थांबून म्हणाली, "ताट मी ठेवून घेतलं, भाऊजी. माफी नाई. तिचं पुढं पाहू."

तिने जेवायला वाढले. मनोहरने आपल्या पानातली पोळी अर्धी मोडली आणि माझ्या पानात ठेवली. मी हात पुढे केला. आणि तो थांबला. डोळ्याचे पाते लवावे तेवढाच वेळ, पण थांबला. मला सगळे माहीत होते, पूर्वीपेक्षा अधिक माहीत होते, पश्चात्तापाने मी पार सोलून निघालो होतो, आणि तरी हा सुरकुतलेला हात, ज्याने भिंतीवर ते निळे शब्द काढले होते, तो क्षणभर पोळीवर अधांतरी राहिला. मी पोळी खाल्ली. वर पाहिले तेव्हा मनोहर माझ्याकडेच बघत होता.

"हाय अजून," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. एखाद्या जुन्या दुखण्याची चौकशी करावी तसा स्वर होता. "पन खाल्ली तुनं."

परत आल्यावर मी पारावर गेलो आणि सगळे सांगितले. ताटाचे आधी सांगितले. कुणी मला टाकले नाही, कुणी थुंकले नाही. तेही सोसणे कठीणच होते. बाबाराव काठीने मातीत रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "मी त उगाच शकुंतलेचं नाव घेत राह्यलो इतके वर्स. तुमी आडवलं काऊन नाई, गुरुजी?" तेवढ्यात दुसऱ्या कुणी विचारले, "पन मनोहरले झाला कुठून?" त्या प्रश्नात मला माझाच आवाज ऐकू आला, गोठ्यातल्या त्या दुपारचा. मी म्हणालो, "ते विचारू नका. औषध कुठं भेटते ते विचारा."

शाळेची ती भिंत अजून उभी आहे. निळा रंग बराच उडाला आहे. येता-जाता मी तिच्याकडे बघतो. अक्षरे सुरेख आहेत, एकही चूक नाही. ज्याने ती लिहिली त्याच्या हातापर्यंत ती कधी पोचली नाहीत, एवढेच.

हा लेख मनोहरला वाचून दाखवला आहे. लेखात नाव खरे घालू का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "एकडाव घातलंच होतं तुनं." मी खाली मान घातली. मग त्यानेच हे दुसरे नाव सुचवले. ज्या नावाने तो या लेखात आहे ते.

येत्या रविवारी त्याला आणि शकुंतलाला जेवायला बोलावले आहे. तो 'पाहू' म्हणाला. शकुंतला काहीच म्हणाली नाही. पूजाने सकाळपासून फडताळ रिकामे करून सगळी भांडी घासून ओसरीवर उन्हात पालथी घातली आहेत. सासऱ्यांचा तांब्या, मामेभावाची परात, विस्मरणात गेलेल्या शेजाऱ्यांच्या वाट्या. ऊन सगळ्या नावांवर सारखे पडले आहे. मघाशी तिने विचारले, "आबाजी, त्यांना कोणत्या ताटात वाढू?"

ती चांगल्या ताटाबद्दल विचारत होती, की आणखी कशाबद्दल, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिच्याकडे मी निरखून पाहू लागलो, आणि मग ध्यानात आले की आधी मी माझ्याच हाताकडे बघायला हवे. मी उठलो, ओळीतले हाताला लागेल ते ताट उचलले, कुणाचे नाव आहे ते न बघता पुसले आणि तिच्याजवळ दिले.

"हे माझ्यासाठी ठेव," मी म्हणालो. "त्यांना हवं ते घेऊ दे."